कोऱ्या पाठीची प्रत

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. बाड मिळालं. पाकिटाचा एक कोपरा फाटला होता, पण पानं सगळी आहेत. फोनवर मी नुसतं "हं" म्हणते म्हणून उत्तर कागदावरच हवं, असं तू बजावलं आहेस. हे घे.

तू मला तुझ्या कादंबरीतलं फक्त लिफ्टचं प्रकरण तपासायला सांगितलं होतंस, कारण लिफ्टची देखभाल हे माझं काम आहे. म्हणून आधी ते.

तुझा खलाशी कितीतरी वर्षांनी बायकोला भेटायला येतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, दोर तुटतो आणि पेटी कोसळता कोसळता थांबते. असं होत नाही. पेटी एका दोरावर लटकत नसते. दोर बरेच असतात आणि त्यातला एकसुद्धा तिला पेलू शकतो. शिवाय वेग वाढला की पेटीखालचे जबडे रुळांना घट्ट धरतात. त्याला अडकवायचंच असेल तर वीज घालव किंवा दाराचा खटका बिघडव. आमच्या निम्म्या तक्रारी दारांच्याच असतात. त्यात थरार नाही, हे मला कळतं. पण माणूस बंद पेटीत एकटाच आरशासमोर उभा राहतो, त्याचं तू काहीतरी करू शकशील. आणि तो छतातल्या झाकणातून वर चढत नाही. ते झाकण बाहेरून उघडतं, आमच्यासाठी असतं.

खलाशाची मुलगी मेकॅनिक दाखवली आहेस. तिच्या गालावर प्रत्येक प्रकरणात ग्रीस आहे. ग्रीस हाताला लागतं. गालाला लागायचं असेल तर ते मुद्दाम लावावं लागतं.

आता न विचारलेलं.

पहिल्या पानावर तू "क्षमा" असं नाव लिहिलं आहेस. मी बाड दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फक्त हेच शोधत. प्रत्येक लिफ्टमध्ये एक पाटी असते: माणसं किती, वजन किती. ती पाटी पेटीशी जुळली नाही तर आम्ही लिफ्ट चालू करून देत नाही, मग ती कितीही सुरेख चालू दे. तुझी कादंबरी सुरेख चालते. पाटी दुसऱ्याच पेटीची आहे.

क्षमा कोण मागतं? खलाशी म्हणतो "मी थकलो", "हे माझंच घर", "पाणी मिळेल का". क्षमा कोण करतं? त्याची बायको, तुझी इस्त्रीवाली, शेवटी खुंटीवरचा त्याचा जुना कोट काढून आणते, त्याच्या हातात देते आणि दार लावते. तिथे पुस्तक संपतं. पुढच्या कोऱ्या पानावर क्षमा असेल तर मला दिसली नाही.

पात्रांनाही ते नाव बसत नाही. इस्त्रीवाली अख्ख्या पुस्तकात काही विसरत नाही. गिऱ्हाइकाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा तिच्या लक्षात राहतं. खलाशाला आपलं काही चुकलं आहे असं एकदाही वाटत नाही. मुलीबद्दल मी बोलत नाही. ग्रीस सोडून.

इस्त्रीवाली कोण आणि खलाशी कोण, हे मी तुला विचारणार नाही. फक्त एक नोंद. मी शाळेत असताना बाबा आम्हाला सोडून दुसरीकडे संसार करायला गेले. तिथलं मोडल्यावर ते आमच्या दारात आले तेव्हा तू त्यांच्या मागे जिन्यात उभी होतीस आणि मी आत. आईनं कोट दिला आणि म्हणाली, "हा तुमचा कोट. मला खुंटी हवी होती." कादंबरीत पहिलं वाक्य आहे, दुसरं गळलं आहे. ते घालून वाच आणि मग नावाकडे बघ.

लिफ्टच्या दुरुस्त्या समासात पेन्सिलीनं केल्या आहेत.

तुझी भाची

---

२१ जानेवारी

इंजिनीअरबाई,

दात दाखवायला गेलेल्या माणसाला डॉक्टरनं सांगावं, दात ठीक आहे पण तुमच्या चपला काही मला पटत नाहीत, तसं झालं बघ माझं.

लिफ्टचं सगळं मान्य. दोर जोडले, झाकण लावून टाकलं, खलाशाला आरशासमोर उभा केला. तिथे खरंच एक चांगलं पान निघालं, त्याबद्दल तुला मुका. ग्रीस पुसलं. दोन्ही गालांचं.

पण नावाला हात लावायचा नाही. अगं, वहिनी कधी आयुष्यात सरळ बोलल्या आहेत का? ताप आला तर "आज जिना जरा उंच झालाय" म्हणणारी बाई ती. "खुंटी हवी होती" म्हणे! खुंट्या काय दुकानात मिळत नाहीत? ते वाक्य मी मुद्दाम गाळलं. वाचकाला ते कोरडं वाटलं असतं, आणि त्याखाली जे होतं ते निसटलं असतं. लेखकानं शब्दांच्या खालचं ऐकायचं असतं. तू पेटीखालचे जबडे बघतेस ना, तसंच.

आणि तो कोट! इतकी वर्षं तिनं तो सांभाळला. ब्रश केलेला, कसर लागलेली नाही, बटणं जागच्या जागी. ज्याला माफ करायचं नाही त्याचा कोट कोण असा जपतं? मी तिथे जिन्यात उभी राहून रडले होते. तुला आतून दिसलं नसेल.

आता एक सांगते, फोन असता तर तू ठेवला असतास. दादा माझ्याकडे आहे. ऑपरेशन झाल्यापासून मागच्या खोलीत. मी त्याला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिच्या मनात आता काही नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे." गालावरचं पाणी पुसलं त्यानं. तुझा बाप आहे तो, कसाही असला तरी.

तर माझं ठरलं आहे असं. मार्चअखेर वाचनालयाच्या सभागृहात पुस्तकाचं प्रकाशन. वहिनी पुढच्या रांगेत, शेजारच्या खुर्चीत दादा. मी दोन शब्द बोलेन, पुस्तकाचं नाव उच्चारेन, आणि मग कुणाला काही वेगळं सांगायची गरज उरणार नाही. तिथून तो तुमच्याकडे येईल. माझेही गुडघे आता बोलायला लागलेत, किती दिवस त्याचं ताट घेऊन मागच्या खोलीत जाऊ? एका पुस्तकानं एक घर सांधलं तर बिघडलं कुठे?

तू जरा मऊ हो. यंत्रांनासुद्धा तेल लागतं.

आत्या

---

२ फेब्रुवारी

आत्या,

नाव कादंबरीला बसतं का, हा प्रश्न तुझ्यापुढे कधी नव्हताच. तुला त्या नावानं बाबांना बसवायचं आहे, आमच्या घरात. हे आधी सांगितलं असतंस तर मी बाड दोनदा वाचलं नसतं.

तुला कामावरची एक गोष्ट सांगते. लिफ्टच्या विहिरीत, म्हणजे पेटी वरखाली जाते त्या पोकळीत, उतरायच्या आधी मी मुख्य स्विच बंद करते आणि त्याला माझं कुलूप लावते. लाल असतं, त्यावर माझा फोटो असतो, आणि किल्ली एकच, माझ्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. साहेबानं नाही, मालकानं नाही, माझ्या कामावरच्या जोडीदारानंही नाही. गेल्या महिन्यात एका कार्यालयात कोणी बडे पाहुणे यायचे होते आणि मी वरच्या मजल्यापाशी विहिरीत होते. तिथल्या व्यवस्थापकानं आमच्या सुपरवायझरला फोन करून बोलावलं: तुमच्या बाईचं कुलूप तोडा, पाहुणे खाली ताटकळलेत. आमचे सुपरवायझर वजनानं भारी आहेत, त्यांना दम लागतो. तरी ते सगळे जिने चढून वर आले, विहिरीच्या दारात वाकले आणि ओरडले, "बाई, आहेस ना आत?"

"आहे."

"काढू का कुलूप?"

"नाही."

"बरं," म्हणाले, खाली गेले आणि पाहुण्यांना जिना दाखवला. त्यांच्याकडे हातोडा होता. ते विचारायला वर आले, कारण स्विचपाशी उभं राहून कोणालाच कळत नाही की आतलं माणूस कुठे आहे.

तू स्विचपाशी उभी राहून "नाही रे" म्हणालीस. आईच्या वतीनं, आईला न विचारता. आता त्याच कुलपावर सभागृहात, माईकवरून, हातोडा मारायचा बेत आहे.

कोटाबद्दल. तो ब्रश केलेला होता, कारण आई सगळंच ब्रश करते. आमच्याकडे एक पंखा जळून बंद पडला आहे. त्याचीही पाती ती पुसून ठेवते. पंख्याला तिनं माफ केलं आहे असं मला वाटत नाही.

बाबा आजारी आहेत, हे तू सांगायला हवं होतंस. मी फोन ठेवला नसता. त्यांना दवाखान्यात न्यायचं, औषधं आणायची, ते मी करेन. मी मुलगी आहे आणि ते मी नाकारत नाही. पण ते आमच्या घरी राहायला येणार नाहीत, आणि आई त्या पुढच्या रांगेत बसणार नाही. तुला चांगलं वाटावं म्हणून तिनं चारचौघांत मान हलवावी, हे मी होऊ देणार नाही.

नाव हवं असेल तर माझ्याकडे आहे: "नकार". ते कथेला बसतं आणि इस्त्रीवालीलाही बसतं. दार लावणाऱ्या बाईच्या पुस्तकावर दुसरं काय लिहिणार?

मऊ होण्याबद्दल. तेल चुकीच्या जागी पडलं की ब्रेक धरत नाहीत.

भाची

---

९ फेब्रुवारी

बाई गं,

तुझी कुलपाची गोष्ट आवडली. इतकी आवडली की तुझ्यावरच वापरते.

ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं ना? मग या पुस्तकाला कुलूप माझं आहे. चार वर्षं मी त्या विहिरीत होते. तू कोण ते काढणारी? आणि "नकार" हे नाव तू वहिनींना विचारून दिलंस का? की तूही स्विचपाशी उभी राहूनच ठरवलंस आतलं माणूस कुठे आहे ते? आई बसणार नाही, आई हे करणार नाही, आई ते करणार नाही. वा! मी तिच्या वतीनं "हो" म्हटलं तर तो हातोडा, आणि तू "नाही" म्हटलंस तर ती किल्ली?

बोल आता. नुसतं "हं" म्हणशील.

तुझ्या उत्तरासाठी मी थांबले नाही. बाड छापायला गेलंसुद्धा. कुठे? वहिनी कामाला आहेत त्याच छापखान्यात. मुद्दाम. तिथे बांधणीच्या टेबलावर ते त्यांच्या हाताखालून जाईल. जाड कापडी पुठ्ठ्याच्या प्रती काढायच्या आहेत, आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत "क्षमा" हे नाव वहिनी स्वतः चढवतील. याहून चांगलं मला तरी सुचलं नसतं. काम द्यायला गेले तेव्हा त्या समोरच होत्या. नाव ऐकलं, मापाची पट्टी उचलली आणि पुठ्ठ्याचा रंग विचारला. हरकत असती तर बोलल्या असत्या की.

म्हणजे झालं. तू उगाच रक्त आटवू नकोस.

आत्या

---

२६ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. नमुन्याची प्रत पाठवते आहे. शिवण घट्ट घेतली आहे. उघडताना सुरुवातीला कडक वाटेल, हाताळली की सैल होईल. निळं कापड तुम्ही म्हणालात त्याहून किंचित गडद आहे, त्यावर मळ दिसत नाही.

प्रतीची पाठ कोरी आहे. विसरले नाही.

आमच्याकडे पहिला फर्मा, म्हणजे पुस्तकाचं नाव असलेल्या पानांचा मोठा ताव, सगळ्यांच्या शेवटी छापतात. लेखक मंडळी शेवटपर्यंत मन बदलत राहतात म्हणून मालकांनी तशी रीतच पाडली आहे. नमुन्यात ती पानं म्हणूनच कोरी दिसतील. पाठीवरचं नाव मी चढवते ते त्याच्याही नंतर, लेखकानं नमुना पाहून होकार दिला की. तेव्हा अजून काही बिघडलेलं नाही.

मी फर्मे दुमडता दुमडता वाचते. हाताला येतील तसे, त्यामुळे शेवट आधी वाचला आणि सुरुवात जेवणाच्या सुट्टीत. चांगलं लिहिलं आहे तुम्ही. इस्त्रीवाली मला आवडली. ती मी नव्हे. मी इतका वेळ खिडकीशी उभी राहत नाही, कामं असतात.

लेकीनं परवा घरी सगळं सांगितलं. तुमची पत्रं तिनं दाखवली नाहीत, पण काय चाललं आहे ते सांगितलं आणि विचारलं, तुला काय वाटतं. तुम्हीच तिला तसं लिहिलंत म्हणे, की आईला विचारलंस का. ते बरं केलंत. तिला वाटत होतं मी अजून रागात आहे. तुम्हाला वाटतं माझा राग गेला. आत्या आणि भाची, दोघी एकाच वळणाच्या.

तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते. कोट दिला त्या दिवशी माझ्या मनात यातलं काही नव्हतं. लेक त्याच आठवड्यात कामाला लागली होती. घरी येताना तो जाडा पट्टा आणायची, कड्यांचा, उंचावर काम करताना स्वतःला ज्यानं बांधून घेतात तो. खुर्चीवर टाकायची. गुंडाळून ठेवला की पिळतो, टांगून ठेवायचा असतो, असं तीच एकदा जेवताना म्हणाली. तिचा जीव त्या पट्ट्याला बांधलेला असतो, वन्सं. तो पिळलेला मला चालणार नव्हता. भिंत आमची कच्ची, पक्की खुंटी एकच, आणि तिच्यावर कोट होता. मी तो काढायलाच निघाले होते, तेवढ्यात तुम्ही दोघं दारात आलात. नसता आलात तर भंगारवाल्याला दिला असता.

क्षमा माझ्याकडे कोणी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही. जे माझं मलाच ठाऊक नाही ते तुम्ही सोनेरी अक्षरांत लिहायचं नाही.

पुस्तक तुमचं आहे. तुम्ही "क्षमा"च ठेवलंत तर छापखाना ते छापेल, आणि पाठीवर दुसरी कोणी बाई ते नीट चढवेल. माझा हात ते चढवणार नाही. मालकांना मी तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, असं काम नाकारता येत नाही. मी म्हटलं, आज येतंय. पुढचं पुढे बघू.

समारंभाला मी येणार नाही.

प्रत परत पाठवताना ओल लागणार नाही असं बघा.

तुमची वहिनी

---

१० मार्च

लाडके,

सोबत वहिनींचं पत्र पाठवते आहे. त्यांना विचारून पाठवते, म्हणजे तू पहिल्या ओळीतच कुलपाची गोष्ट काढू नकोस. ते आधी वाच, मग माझं.

वाचलंस? मी ते पत्र टेबलावर ठेवून बराच वेळ त्या कोऱ्या प्रतीची पाठ चाचपत बसले. पस्तीस वर्षं लिहिते आहे मी. माझ्या पुस्तकांना लोकांनी नावं ठेवली, पण माझं नाव असं कोणी रोखून धरलं नव्हतं.

मग उठले आणि मागच्या खोलीत गेले. म्हटलं, "दादा, तू वहिनींची कधी माफी मागितलीस?"

"मागायची कशाला?" म्हणाला. "तूच सांगितलंस ना, दिली म्हणून."

"मी सांगितलं होतं. तू मागितलीस का?"

"दिलेली वस्तू परत काय मागायची? काहीतरीच तुझं."

अशी ओरडले मी की शेजारीण दार वाजवून गेली, गॅस वगैरे तर नाही ना गळत. त्यालाही राग आला. सूप ढकलून दिलं. संध्याकाळी बारीक आवाजात विचारलं, "मग आता मी जाऊ कुठे?" मी म्हटलं, "कुठेही जायचं नाही, इथेच राहायचं. भाऊ आहेस माझा. पण आजपासून ताट स्वतः येऊन घ्यायचं आणि स्वतः धुवायचं. डॉक्टर चाला म्हणालेत." चालतोय. कपबश्या फोडतोय, पण चालतोय.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. क्षमा कोण मागतं, कोण करतं. तुझा प्रश्न सरळ होता, मीच त्याला वाकडी उत्तरं देत बसले. खरं सांगू? मला त्या पुस्तकात क्षमा दिसत होती, कारण मला ती दादासाठी हवी होती. इस्त्रीवालीला मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, बाई, तुला काय हवंय. तिनं सांगितलं तेव्हा मी तेच वाक्य कापलं.

ते परत घातलंय. "मला खुंटी हवी होती." शेवटच्या प्रकरणाचा फर्मा पुन्हा छापावा लागेल, मालक कुरकुरले. कुरकुरू देत.

आणि नाव बदललं. "खुंटी". प्रकाशक म्हणाले, "बाई, लोकांना सुतारकामाचं पुस्तक वाटेल." मी म्हटलं, वाटू दे, सुतारांनीही वाचावं. म्हणाले, "क्षमा खपलं असतं." मी म्हटलं, तेच तर.

या वेळी वहिनींना आधी विचारलं. चिठ्ठी पाठवली: खुंटी चालेल का, तुमच्या घरातली आहे. उत्तर आलं, "चालेल. त्या अक्षरांचे ठसे आहेत." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी छापखान्यातून निरोप आला, पाठीवरचं नाव त्याच चढवणार आहेत.

आता तुला विचारायचं आहे. वहिनींनी पट्ट्याचं लिहिलं आहे ते मला पुस्तकात घ्यायचं आहे. इस्त्रीवाली दार लावते, परत येते आणि रिकाम्या खुंटीवर मुलीचा पट्टा टांगते. शेवट काय होईल, बघ! नुसत्या विचारानं मला लिहावंसं वाटतंय. पण पट्टा तुझा आहे. वर आले, धापा टाकत विहिरीच्या दारात उभी आहे, ओरडून विचारते: बाई, आहेस ना आत? घेऊ का?

आत्या

---

१७ मार्च

आत्या,

आहे. नको घेऊस.

कारण विचारशील म्हणून सांगते. तुझ्या इस्त्रीवालीनं खुंटी मोकळी केली, तिथे पुस्तक संपायला हवं. त्यावर पुढे काय टांगायचं ते वाचकाला ठरवू दे. हे तांत्रिक कारण. दुसरंही आहे, ते लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

"खुंटी" हे नाव मी बाडाशी पुन्हा ताडून पाहिलं. बसतं. पहिल्या प्रकरणात खलाशी कोट टांगून निघतो तेव्हा ती आहे. मधल्या प्रकरणांत मुलीचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही, मग पोचतो, तेव्हाही आहे. तू ते न ठरवता लिहिलं असशील. पाटी आणि पेटी जुळली.

"नकार" मी मागे घेते. तू म्हणालीस ते खरं होतं, मी आईला विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती आधी हसली. म्हणाली, "नकार द्यायला समोर काहीतरी मागणारं लागतं."

तू नाव बदलायच्या आधी, "क्षमा" चढवणार नाही म्हणाली म्हणून, छापखान्यानं तिला एक आठवडा घरी बसवलं होतं, हे तिनं तुला कळवलं नसेल. मलाही उशिरा कळलं. मी मालकांना भेटायला निघाले होते, तिनं चपला लपवल्या. म्हणाली, माझं मी बघते. आठवडा संपल्यावर सोमवारी ती पुन्हा कामावर गेली, आपणहून, कोणी न बोलावता, आणि तिच्या टेबलाशी उभी राहिली. मालकांनी काही विचारलं नाही. तुझ्या प्रतींचे पुठ्ठे तिथेच पडले होते, पाठी कोऱ्या. दुसऱ्या कोणी त्यांना हात लावला नव्हता. बांधणीतल्या सगळ्या बायकांनी म्हणे तोवर दुसरी कामं काढली होती.

बाबांना रविवारी तपासणीला मी नेईन. खालून बेल वाजवेन, त्यांनी जिन्यानं उतरून यायचं. डॉक्टर चाला म्हणालेत.

प्रकाशनाला येईन. मागच्या रांगेत, दाराजवळ. आईचं येण्याचं मी ठरवत नाही, तिनंच तुला नाही म्हणून कळवलं आहे. पुढच्या रांगेत तिच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवू नकोस. लोक रिकाम्या खुर्च्यांचेही अर्थ लावतात.

तुझी निळी प्रत आईनं घरी आणून दाखवली, सोनेरी नाव चढवलेली. सरळ बसलं आहे, मी पट्टी लावून बघितली. ती म्हणाली, "पट्टी काय लावतेस, मी चढवलंय." मग मी ती फळीवर ठेवली.

कामावरून आले तेव्हा पट्टा अजून माझ्या खांद्यावरच होता. तो मी रोज त्याच खुंटीवर टांगते. खुर्चीवर टाकायचे, ते माझ्या लक्षातही नव्हतं. आई स्वयंपाकघरात होती. मी टांगला, कड्या सरळ केल्या, पीळ नाही ना पाहिला. तिनं आतून विचारलं, "टांगलास का?"

"हं," म्हटलं.

भाची